छिंदवाड्याला बाप्तिस्म्याला जायचंय, सोबत ८१ वर्षांची आई. ल्यूथरन चर्चमध्ये नेमकं काय असतं?

सुदामानगरकरीण:

नमस्कार मंडळी. पेन्शनचे फॉर्म आणि पाककृती सोडून मी इथे कधी काही विचारलं नाही, पण आज अडले आहे.

बँकेत माझ्या शेजारच्या काउंटरवर २६ वर्षं बसलेली मैत्रीण मूळची छिंदवाड्याची, ख्रिश्चन. तिच्या नातवाचा बाप्तिस्मा आहे, तिकडच्या त्यांच्या घरच्या चर्चमध्ये, ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवारी. हा ॲडव्हेंट काय प्रकार ते अजून नीट कळलेलं नाही. चर्च ल्यूथरन आहे. मी आजवर चर्चमध्ये एकदाच गेले आहे, इथेच इंदूरला एका लग्नाला. ते लोक कॅथलिक होते आणि मी पूर्ण वेळ पुढच्या बाकावरच्या बाईंच्या अंबाड्यावर नजर ठेवून होते. त्या उठल्या की मी उठायचे, त्या बसल्या की बसायचे. व्हाइट चर्च चौराह्यावरून तर आयुष्यभर टेम्पोनं ये-जा केली, पण आत पाऊल टाकलेलं नाही.

एकटी असते तर याही वेळी कुणाचा तरी अंबाडा धरून निभावलं असतं. पण आई येते म्हणतेय. आई म्हणजे पूजा झाल्याशिवाय चहा नाही, चातुर्मासात कांदा नाही, असं सगळं. दोन वर्षांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा ही मैत्रीण महिनाभर रोज संध्याकाळी बँक सुटली की घरी यायची. आईला वॉकर धरून गॅलरीत फेऱ्या मारायला लावायची. आईनं रडारड केली तर दटावायची. आई तिला "मास्तरीण" म्हणते. तर आता "मास्तरणीच्या नातवाचं बारसं आणि मी घरी बसू?" एवढं म्हणून तिनं विषय संपवला. पेंचव्हॅलीचे दोन खालचे बर्थ काढून झालेत.

डोक्यावर पदर घ्यायचा का, चपला काढायच्या का, हे एक. गुडघे टेकावे लागतात का? आईला ते या जन्मी शक्य नाही. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून आईनं नारळ, खण आणि तांदूळ आताच काढून ठेवलेत, ते तिथे ठेवायचं कुठे? आणि खरी काळजी ही की ते पाव आणि वाइन देतात ना? आमच्या घरात शिकवण अशी की प्रसादाला नाही म्हणायचं नाही, कणभर का होईना, जिभेवर ठेवायचा. आता आईच्या जिभेवर वाइन मी कशी ठेवू? आणि नको म्हटलं तर ऐन समारंभात त्यांचा अपमान होईल. मैत्रिणीला विचारलं तर हसते. म्हणते, "तू नुसती येऊन बस गं." नुसतं बसायला जमत असतं तर इथे कशाला विचारलं असतं?

पोहेजलेबी:

काकू, वाइन म्हणजे अगदी चमचाभर असते, आजींना कळणारपण नाही 😀

थट्टा सोडा. पण जरा जपून. एकदा अशा ठिकाणी गेलं की मग ती माणसं घरी यायला लागतात म्हणे. ऐकीव आहे, राग नसावा.

सुदामानगरकरीण:

राग कसला. ती २६ वर्षं घरी येतेय आणि एकच वस्तू मागून नेते, आईच्या हातचं जिरावन, पोह्यांवर भुरभुरायचा मसाला. पुढेही तेवढ्यासाठीच येईल.

छिंदवाड्याची लेक:

ताई, माझं माहेर छिंदवाडा आणि घर ल्यूथरन. आता नागपूरला असते. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिले वाइनचं सांगते, कारण जीव तिथे अडकलाय तुमचा. आम्ही त्याला प्रभुभोजन म्हणतो, छिंदवाड्याला हिंदीत प्रभु भोज म्हणतात. तो प्रसाद नाही. प्रसाद दारात आलेल्या कुणालाही मिळतो. हे भोजन ज्यांचा बाप्तिस्मा झालाय आणि ज्यांनी शिकवणीचा वर्ग पुरा केलाय त्यांच्यासाठी असतं. आमची श्रद्धा अशी की त्या भाकरीत आणि द्राक्षारसात येशूचं शरीर आणि रक्त खरोखर असतं, ती नुसती आठवण नसते. भाकर भाकरच राहते, तरीही असतं. कसं, ते ज्याच्या नावावरून आम्ही ल्यूथरन, त्या जर्मन धर्मसुधारक लूथरनंही फार सोलून सांगितलं नाही. येशू "हे माझं शरीर आहे" म्हणाला ना, मग आहे. १५२९ साली मारबुर्गला झ्विंग्ली नावाच्या दुसऱ्या सुधारकाशी त्याची याच गोष्टीवरून बैठक फिसकटली. लूथर टेबलावर खडूनं तेच वाक्य लिहून समोर बसला होता म्हणतात. असा हट्टी माणूस!

म्हणून तुम्ही घेतलं नाही तर कुणाचा अपमान होत नाही. लोक उठून वेदीकडे जातील, तेव्हा तुम्ही दोघी बाकावर निवांत बसा. कुणी वळूनही पाहत नाही, ज्याचं त्याचं चाललेलं असतं. काही ठिकाणी पाहुणा छातीवर हातांची फुली करून पुढे गेला तर पाद्री साहेब डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. ही पद्धत तिथे आहे का, ते मात्र मैत्रिणीला विचारून घ्या.

आता बाकीचं. दाराशी कुणीतरी "जय मसीह की" म्हणेल, तुम्ही नमस्कार करा, पुरे. चपलांचा ढीग दारात दिसला तर काढायच्या, नसला तर पायात असू द्यायच्या, याला दुसरा नियम नाही. प्रार्थनेच्या वेळी बायका डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात. तुम्ही घेतलात तर छान दिसेल, राहिला तर कुणी काही म्हणणार नाही. गुडघे टेकायला वेदीजवळ कठडा असतो, पण म्हाताऱ्या माणसांवर कुणाची सक्ती नसते. उठ-बस खूप आहे. शुभवर्तमान म्हणजे येशूच्या चरित्राचा भाग वाचतात तेव्हा तर सगळेच उभे राहतात. आईंनी खुशाल बसून राहावं.

सुरुवात गाण्यानं होते आणि लगेच पापांगीकार येतो. नवीन माणूस तिथेच दचकतो. अजून नीट स्थिरस्थावर झालो नाही तोच सगळे एका सुरात म्हणायला लागतात की आम्ही विचारानं, बोलण्यानं, करणीनं चुकलो, जे करायला पाहिजे होतं तेही केलं नाही. माझ्या लहानपणी आमच्या पुढच्या बाकावर एक मोठे साहेब बसायचे, त्यांच्या मागे त्यांच्याच घरी धुणं-भांडी करणारी बाई. दोघांच्या तोंडी एकच वाक्य, एकाच वेळी. मला लई गंमत वाटायची त्याची. मग पाद्री साहेब उभं राहून सांगतात की माफ झालं. आधी माफी, मग पुढचं सगळं. वाचन, उपदेश (हा मोठा असतो, अर्धा तास धरून चाला, ल्यूथरन माणसाला उपदेशाशिवाय रविवार पचत नाही), मग सगळ्यांनी उभं राहून मतांगीकार (आमची श्रद्धा काय ते एकत्र म्हणणं), दान, प्रार्थना, प्रभुभोजन.

"नुसतं बसायचं कसं" म्हणालात ना, त्यावर आमचे आजोबा म्हणायचे की देवळात माणूस देवासाठी काहीतरी करायला जातो, फूल वाहतो, घंटा वाजवतो, प्रदक्षिणा घालतो. आपल्या उपासनेत कामाला देव येतो. तोच माफ करतो, तोच बोलतो, तोच जेवू घालतो आणि निघताना आशीर्वाद देऊन पाठवतो. आपण मधूनमधून गाण्यातून आभार मानायचे, बस. त्यामुळे तुमच्या मैत्रिणीनं टाळाटाळ केलेली नाही, तिनं तुम्हाला सगळी उपासनाच सांगितली.

कॅथलिकांच्या मिस्सासारखं, म्हणजे त्यांच्या उपासनेसारखं, दिसेल थोडं. मेणबत्त्या, वेदी, पाद्रींचा पांढरा झगा. फरक जाणवेल तो असा की पुढच्या रांगेत पाद्री साहेबांची बायको-मुलं बसलेली असतील. खुद्द लूथर साधू होता, त्यानं १५२५ साली मठ सोडून आलेल्या काथारीनाशी लग्न केलं, तेव्हापासून आमच्याकडे हे असंच. इंदूरचं ते व्हाइट चर्च सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं आहे. १९७० साली नागपूरला बऱ्याच मिशनांची मंडळी एक होऊन सीएनआय झालं, आम्ही ल्यूथरन त्यात गेलो नाही. छिंदवाड्याकडे १८७७ पासून स्वीडनचे मिशनरी आले, त्यांच्यामुळे तिकडे ल्यूथरन. आमच्या आजीच्या पेटीत एक स्वीडिश विणकामाचा रुमाल होता. त्यावर काय लिहिलंय ते घरात कुणालाच वाचता यायचं नाही, पण दर नाताळला तो टेबलावर पडायचाच.

तंजावरवेडा (बडोदे):

ताई, थोडं विषयांतर करतो, सवयीचा भाग आहे.

ल्यूथरन म्हटलं की आपल्याला परकं काहीतरी वाटतं. पण एक मराठी राजा ल्यूथरन पाद्रीच्या हाताखाली शिकून मोठा झालेला आहे. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले, सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणारे. डेन्मार्कच्या राजानं पाठवलेले दोन जर्मन ल्यूथरन १७०६ साली तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला उतरले, भारतातलं पहिलं प्रोटेस्टंट मिशन ते. त्याच मिशनमध्ये १७५० साली श्वार्त्स नावाचे पाद्री आले आणि पुढे तंजावरला राहिले. सरफोजी लहान असताना गादीवरून भाऊबंदकी माजली, तेव्हा या श्वार्त्सनी मुलाच्या शिक्षणाचा भार घेतला. श्वार्त्स १७९८ मध्ये वारले, त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले.

पुढे सरफोजींनी लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून गुरूचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं. तंजावरच्या किल्ल्यात शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्ये ते आहे. मी गेलो तेव्हा चर्चला कुलूप होतं. माळीकाकांना शोधून काढून हातवाऱ्यांनी किल्ली मागितली, कारण मला तमिळ येत नाही आणि त्यांना दुसरं काही येत नव्हतं. आत उजेड बेताचाच. पलंगावर आजारी पाद्री आणि त्याचा हात हातात घेतलेला भोसल्यांचा राजा. बायको म्हणाली, "चला, गाडी चुकेल," तरी मी दहा मिनिटं हललो नाही.

आणि हे राजे शेवटपर्यंत हिंदूच राहिले. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसल्यांच्या घराण्याचा तो भलामोठा मराठी शिलालेख कोरवून घेतला तोही त्यांनीच. पोहेजलेबी यांनी ही तारीख टिपून ठेवावी.

पोहेजलेबी:

टिपली, काका 🙏

हॅनोव्हरचा भिया:

इंदूरचाच आहे, परदेशीपुऱ्यात वाढलो, सध्या जर्मनीत. इथे शेजारच्या आजी मला पहिल्याच हिवाळ्यात घेऊन गेल्या होत्या. थंडीत एकटा पोरगा घरात बसतो म्हणून असेल.

आत शिरल्यावर भिंतीवर एक लाकडी फळा दिसला, त्यावर नुसते आकडे. मला वाटलं इथे पण मटका! ते गाण्यांचे नंबर निघाले. गाण्यांचं जाडजूड पुस्तक दारातच हातात देतात, फळ्यावर बघायचं आणि पान काढायचं. इथले लोक गाणं बसून म्हणतात आणि प्रार्थनेला उभे राहतात. माझं नेमकं उलटं चाललं होतं, गाणं लागलं की उभा. तीनदा एकटाच उभा राहिलो. आजींनी चौथ्यांदा स्वेटर धरून खाली ओढलं. छिंदवाड्याला काय पद्धत आहे ते ताईंना विचारा, माझ्या भरवशावर राहू नका.

एक इथलं सांगण्यासारखं. उपासनेला जर्मनमध्ये 'गोटेसडीन्स्ट' म्हणतात, गोट म्हणजे देव आणि डीन्स्ट म्हणजे सेवा. मी म्हटलं, म्हणजे देवाची सेवा. आजी म्हणाल्या, दोन्हीकडून वाच. देवानं केलेली सेवा. छिंदवाड्याच्या ताईंचे आजोबा आणि या आजी कधी भेटल्या नसणार, पण बोलणं एकच. ऑर्गनचं तर काय सांगू, पाटासकट थरथरायला होतं. संगीतकार बाख याच लोकांचा, १७२३ पासून मरेपर्यंत लायप्झिगच्या चर्चमध्ये दर रविवारचं संगीत बघायचा. म्हणजे नोकरीच ती, आठवडाभरात नवीन रचना तयार पाहिजे. आपल्याला एक पीपीटी होत नाही.

ॲडव्हेंट म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार. हिरव्या फांद्यांचं गोल कडं, त्यावर चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची. हे इथल्याच हॅम्बुर्गचं. विखर्न नावाचे ल्यूथरन पाद्री गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचे. पोरं रोज विचारायची, नाताळ कधी, नाताळ कधी. त्यांनी १८३९ साली गाडीचं जुनं चाक टांगून त्यावर मेणबत्त्या लावल्या, घ्या, मोजा. तिकडे असेल कडं तर बघा, पहिल्या रविवारी एकच पेटलेली असेल.

सुदामानगरकरीण:

भिया, परदेशीपुऱ्याचा म्हणजे आपलाच.

लेकीबाई, मारबुर्ग, झ्विंग्ली सगळं वाचलं, आईलाही वाचून दाखवलं. आईचा प्रश्न तसाच आहे: नारळाचं काय?

छिंदवाड्याची लेक:

😄 नारळ न्या आईंना म्हणावं, पण वेदीवर नको, घरी बाळाच्या आईच्या ओटीत घाला. कापणीच्या सणाला गेला असतात तर चर्चमध्येही चालला असता. त्या दिवशी लोक भोपळे, कणसं, कोंबड्या घेऊन येतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. माझ्या काकांनी एकदा स्वतःच दिलेला कोंबडा जिद्दीनं बोली लावून दुप्पट भावात परत घेतला होता.

चर्चमध्ये हातानं द्यायचं असेल तर दानाची थैली फिरते, त्यात टाका. पाहुण्यांकडून अपेक्षा नसते.

आणखी एक. त्या रविवारी वेदीवरचं कापड बहुतेक जांभळं असेल. आमच्याकडे काळाप्रमाणे रंग बदलतो. नाताळ आणि ईस्टरला पांढरा, पेंटेकॉस्टला (पवित्र आत्मा उतरला तो सण) लाल, एरवी बराच काळ हिरवा. जांभळा म्हणजे वाट बघण्याचा, मन तपासण्याचा. चर्चचं वर्ष पण त्याच दिवशी सुरू होतं, म्हणजे पाडवाच समजा, फक्त श्रीखंड नाही.

सुदामानगरकरीण:

जाऊन आलो. सगळ्यांनी इतकं लिहिलंत, तर हिशोब द्यायला हवा.

जांभळ्या रंगाचं वाचून दाखवल्यावर आई म्हणाली, "मग नवरात्रातल्या रंगांसारखंच झालं." कपाटातून जांभळी माहेश्वरी काढली, जिला लग्नकार्याशिवाय ती हात लावत नाही. तर वेदीचं कापड जांभळं, पाद्री साहेबांच्या गळ्यातली पट्टी जांभळी आणि तिसऱ्या बाकावर आई. मैत्रिणीच्या सुनेला वाटलं मी ठरवून केलं. कडंही होतं, एका स्टुलावर, एक मेणबत्ती पेटलेली. आकड्यांचा फळा होता. आईला भियाची मटक्याची गोष्ट माहीत असल्यानं ती फळा बघून खुदकन हसली आणि मला कोपर मारलं. चपला बहुतेकांच्या पायात होत्या. आईनं मात्र काढल्या, "मला चपलेनं देव ऐकू येत नाही" म्हणून. तिच्यामुळे मीही काढल्या. डिसेंबर तोंडावर आलेला, फरशी गार. दोन तास पाय एकमेकांवर घासत बसले.

फजिती माझीच झाली, आईची नाही. "आमेन" म्हटलं की संपलं अशी माझी समजूत. पहिला आमेन आला तसा मी खांद्याला पर्स अडकवून आईला हाताला धरून उठवलं. अजून पाच मिनिटंही झाली नव्हती, तो माफीचा आमेन होता. पुढे किती आमेन आले, देवाला ठाऊक, दर वेळी आई माझ्याकडे बघून विचारायची, "आता?"

शुभवर्तमान होतं येशू गाढवावर बसून यरुशलेममध्ये येतो ते. मला आतून धस्स झालं. आपल्याकडे गाढवावर बसवून धिंड काढतात, आणि हे लोक राजा म्हणून "होसान्ना" गातायत. आईच्या चेहऱ्यावर काही नाही. कानात म्हणाली, "शीतलामातेचं वाहन आहे, त्यात काय." शीतलामाता बाजारात तिचा सगळा जन्म गेला, तिला हे सुचणारच. उपदेश त्यावरच झाला, घोड्यावरचा राजा कसा येतो आणि गाढवावरचा कसा. पाद्री साहेबांनी हिंदीत फार सोपं करून सांगितलं. पंचवीस मिनिटं झाली असतील, पण लेकीबाईंनी अर्धा तास सांगून ठेवला असल्यामुळे लवकर आटपल्यासारखं वाटलं.

बाप्तिस्म्याचं नीट सांगते. दगडी खांबावर एक पसरट वाडगं, बस. मैत्रिणीच्या मुलानं पिशवीतून लाल थर्मास काढला, चहाचा असतो तसला, आणि पाद्री साहेबांकडे दिला. त्यांनी झाकण फिरवून वाडग्यात ओतलं तर वाफ आली. बाळाला गार लागू नये म्हणून घरून कोमट पाणी आणलं होतं. मग दुसऱ्या एका लोट्यातलं गार पाणी थोडं मिसळलं, करंगळी बुडवून पाहिली, आणखी थोडं घातलं. आपण अंघोळीचं विसण घालतो ना, अगदी तसं, आणि सगळं चर्च शांतपणे ते विसण बघत होतं. मग बाळाचं नाव मोठ्यानं घेऊन तीन वेळा ओंजळीनं डोक्यावर पाणी. पहिल्यांदा बाळ बघत राहिलं, दुसऱ्यांदा ओठ काढले, तिसऱ्यांदा शिंकलं. पाद्री साहेब म्हणाले की पाणी हे पाणीच आहे, त्याच्यासोबत देवाचं वचन आहे म्हणून काम होतं, लूथरनं असं शिकवलंय. बाळाची मामी आणि एक काका धर्ममाता-धर्मपिता झाले, त्यांच्या हातात पेटलेली मेणबत्ती दिली. मेण मामीच्या शालूवर पडलं. ती हललीसुद्धा नाही.

आता प्रभुभोजन. मी रात्रभर गाडीत वाक्यं जुळवत होते, आईला ऐन वेळी कसं थांबवायचं. पांढरी पातळ पापडीसारखी चकती, मग पेला. माणसं रांगेनं कठड्याशी जाऊन गुडघे टेकत होती. मी आईच्या गुडघ्यावर हात ठेवून "आई, हे आपल्याला नाही हं" म्हणायला तोंड उघडलं, तर तीच मला म्हणाली, "बस खाली. सोवळ्यातलं आहे ते. ज्यानं सोवळं नेसलंय त्यानंच पुढे जायचं." अगं, मी इतके दिवस प्रसाद-प्रसाद करत होते, आणि जिची काळजी होती तिला एका क्षणात कळलं. तिच्या माहेरी देवघरात कुणी जायचं आणि कुणी उंबऱ्यापर्यंतच यायचं हे ती सात वर्षांची असल्यापासून पाळतेय. तिला अपमान-बिपमान काही वाटलाच नाही. उलट मैत्रीण उठून पुढे गेली, गुडघे टेकले, तेव्हा आईनं बसल्या जागी हात जोडले. ती परत येऊन बसेपर्यंत सोडले नाहीत.

थैलीत आईनं ११ रुपये टाकले, वरचा एक रुपया घरून आणला होता. शेवटी पाद्री साहेबांनी दोन्ही हात वर करून "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं रक्षण करो" अशा अर्थाचं हिंदीत म्हटलं. आईनं डोकं पुढच्या बाकाला टेकवलं. मी आमेनची वाट बघितली आणि या वेळी तरीही बसूनच राहिले. तर नेमकं या वेळी खरंच संपलं होतं.

नारळ घरी ओटीत गेला. आमच्यासाठी वेगळ्या भांड्यात वरण-भात आणि मक्याची उसळ होती, कांद्याशिवाय. मास्तरणीनं चातुर्मास लक्षात ठेवला होता, तो संपून महिना झाला तरी. जेवण झाल्यावर आईनं बाळाला मांडीवर मागून घेतलं आणि कानाशी तोंड नेऊन "कुर्रर्र" करून त्याचं नाव सांगितलं. बाळाची आजी म्हणाली, "सकाळी झालं की हो नाव ठेवून." आई म्हणाली, "ते सगळ्यांना सांगितलं. त्याला कुठे कुणी सांगितलं होतं?"

छिंदवाड्याची लेक:

ताई, थर्मासचं वाचून रडायला आलं. आमच्याकडे पण हिवाळ्यात असंच करतात. आईंना माझा सलाम सांगा.

हॅनोव्हरचा भिया:

शेजारच्या आजींना गाढव आणि शीतलामाता समजावून सांगायला मला पाऊण तास लागला. त्या फोटो मागतायत. शीतलामातेचा.

पोहेजलेबी:

मग काकू, आलं का कुणी घरी?

सुदामानगरकरीण:

आली ना, काल संध्याकाळी. जिरावन संपलं होतं.